आमदारांचा लाभार्थी

रोज पहाटे साडेपाचला मला आमदार उठवतात. फोन वाजतो, उगवत्या सूर्याचं चित्र येतं, त्यावर 'सुप्रभात'. सूर्य कोपऱ्यात, मध्यभागी आमदार. माझा सख्खा भाऊ नाशिकला असतो. तो वर्षाकाठी दोनदा फोन करतो, त्यातला एक चुकून लागलेला असतो. बायकोचं सकाळचं पहिलं वाक्य 'दूध बघ' एवढंच. तेव्हा माझी सकाळ शुभ जावी अशी मनापासून इच्छा असलेला माणूस या जगात एकच उरलाय, आणि तो विधानसभेत बसतो.

ग्रुपचं नाव 'थेट संवाद'. त्यात लिहायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला. आम्ही मतदार तोंडावर बोट ठेवून बसलेले. पण बातम्यांना तोटा नाही. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो आणि 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन, हे मला आमदारांमुळे कळलं. चिमण्यांना आणि हातांना दोघांनाही त्यांच्या हार्दिक शुभेच्छा होत्या.

फोटो मात्र एकच. पांढरा कुर्ता, जोडलेले हात, मंद हसू. हा फोटो पाडव्याला चालतो, वाढदिवसाला चालतो, 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद' यालाही चालतो. (हा निरोप साधारण गुरुवारी दुपारी येतो. पाणी गेलंय हे तोवर आम्ही स्वतःच्या हिमतीवर शोधून काढलेलं असतं.) पंचाईत होते ती श्रद्धांजलीला. गेलेल्या आजोबांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि खाली अर्धं पान भरून आमदार हसतायत. एकदा आईनं ते चित्र बघून चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि आमदारांच्या फोटोला हात जोडून म्हणाली, "अरेरे! वय काय रे होतं?"

त्याच आईला दिवाळीत आमदारांचा फोन आला. हे फोन आधी बोलून ठेवलेले असतात आणि यंत्र ते सगळ्या मतदारसंघाला एका दमात लावतं, हे तिला सांगून काही उपयोग नसतो. तिनं स्पीकर लावला.

"नमस्कार. दीपावलीच्या आपणास व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा."

"तुम्हालाही हो. फराळाला या. बरं, ते आमच्या गेटापुढच्या झाकणाचं..."

"आपल्या प्रत्येक अडचणीत मी आपल्या घरातलाच एक म्हणून उभा आहे."

"उभे कशाला राहता? माणूस पाठवा. संध्याकाळी अंधारात कुणाचा तरी पाय जाईल."

"आपले आशीर्वाद असेच राहू द्या. धन्यवाद!"

आईनं फोन ठेवला. "हो म्हणाले," ती म्हणाली. "धन्यवादसुद्धा म्हणाले. कामाचा माणूस आहे."

तर हे झाकण. आमच्या सोसायटीच्या गेटासमोर ड्रेनेजचं चेंबर आहे. त्याचं बिडाचं झाकण एका रात्रीत नाहीसं झालं. भंगारात बिडाला चांगला भाव येतो, असं सोसायटीतले निवृत्त इंजिनीअर म्हणाले. ते इतक्या अचूकपणे म्हणाले की सगळ्यांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. सकाळी कुणीतरी त्या भोकात झाडाची एक फांदी खोचली आणि फांदीला लाल फडकं बांधलं. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुठल्याही खड्ड्याची पहिली सरकारी दखल म्हणजे ही फांदी. ती कोण आणतं, कुठून आणतं, आजवर कुणी पाहिलेलं नाही.

आता झाकण हे काही आमदाराचं काम नव्हे. कायदे करणं, अर्थसंकल्पावर बोलणं, सरकारला प्रश्न विचारणं, ही त्याची कामं. झाकण नगरसेवकाचं. पण 2022 च्या मार्चमध्ये मुंबई, पुण्यासकट राज्यातल्या कितीतरी महापालिकांची मुदत संपली, निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या आणि नगरसेवक माजी झाले. आमच्याकडेही तेच. माजी नगरसेवकाला झाकणाबद्दल विचारलं, तर तो पालिकेबद्दल आपल्यापेक्षा जास्त तक्रारी सांगतो. म्हणून तुंबलेली गटारं, मोकाट कुत्री, बंद दिवे असं सगळं वाहत वाहत आमदाराच्या दारात गेलं. राज्यात विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78 असे आमदार आहेत. त्या काळात त्यातले निम्मे तरी आतून नगरसेवक झाले असावेत.

सोसायटीच्या सभेत मला पाठवायचं ठरलं. "तुम्ही रिटायर आहात, तुमचं अक्षर चांगलं आहे," सेक्रेटरी म्हणाले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्ती या दोन गुणांमुळे ओढवलेल्या आहेत.

जनसंपर्क कार्यालय चौकात, औषधांच्या दुकानाच्या वर. जिन्याच्या भिंतीवर ओळीनं तसबिरी. प्रत्येकीत आमदार आणि त्यांच्याबरोबर एक मोठा माणूस. वर चढत जाऊ तशी माणसं मोठी होत जातात. पहिल्या पायरीला शहराध्यक्ष, मधे मंत्री, आणि गुडघे दुखायला लागले की दिल्ली आली असं समजायचं. आत तीन टेबलं, भिंतीला टेकवलेल्या छत्र्यांचं एक पोतं, दिनदर्शिकांचे गठ्ठे आणि पंख्याखाली रांगेत बसलेली माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स.

"साहेब नागपूरला आहेत," पीए म्हणाला. मी काहीच विचारलं नव्हतं.

डिसेंबर होता, त्यामुळे ते खरंही होतं. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला होतं, आणि त्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याही आमदाराच्या कार्यालयात दुसरं वाक्य ऐकू येत नाही. पुढे अनुभवानं कळलं की मार्चमध्ये साहेब अर्थसंकल्पी अधिवेशनाला मुंबईत असतात, पावसाळ्यात पावसाळी अधिवेशनाला मुंबईत असतात आणि राहिलेल्या दिवसांत लग्नात असतात. हे लग्नांचं प्रकरण मी थट्टेनं म्हणत नाही. एका मुहूर्ताला मतदारसंघाच्या चार टोकांना अक्षता टाकायच्या, प्रत्येक ठिकाणी हातात माइक दिला की वधू-वरांची नावं न चुकता घ्यायची आणि कुठेच जेवायचं नाही, हे काम सोपं नाही. शिवाय गेला नाही तर मेला. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ गेली दोन वर्षं सरकारवर नाराज आहेत. महागाई, रस्ते, बेकारी असं सगळं बोलतात. खोदून विचारलं की मुलीच्या लग्नाला आमदार आले नव्हते, हे निघतं.

मी झाकणाचं सांगितलं. संगणकावरच्या मुलानं मान डोलावली. "पत्र देतो साहेबांचं. क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्या." मग तो पडद्यावर बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"काका, झाकणाचं फॉरमॅट नाही आमच्याकडे."

"मग काय आहे?"

"रहिवासी आहे, शाळा प्रवेश आहे, दवाखाना आहे, बदली आहे. बदलीत बसवू?"

"झाकण बदलायचंच आहे म्हणा."

"नको, बदलीला मंत्रालयाचा पत्ता येतो. रहिवासीत बसवतो."

प्रिंटरमधून सोनेरी बोधचिन्हाचं जाड लेटरहेड बाहेर आलं. मी ते जिन्यात, मुख्यमंत्र्यांच्या तसबिरीखाली उभं राहून वाचलं. 'सदर झाकण हे माझ्या मतदारसंघातील कायमचे रहिवासी असून माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्यांचे वर्तन चांगले आहे. तरी त्यांस आपल्या स्तरावर योग्य ते सहकार्य व्हावे, ही विनंती.'

क्षेत्रीय कार्यालयातल्या बाईंनी ते पत्र शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. एका शब्दालाही त्यांची भुवई हलली नाही. फक्त उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "मूळ प्रत आहे ना? कलर झेरॉक्स चालत नाही." मग 'आवक'चा शिक्का मारला आणि पत्र एका ढिगावर ठेवलं. त्या ढिगात चांगल्या वर्तनाची आणखी पुष्कळ पत्रं होती.

पुढे मी तिथे जात राहिलो. गेलं की रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, अशी त्या कार्यालयाची रीत आहे. झाकण सोडून सगळं मिळालं. आधी दिनदर्शिका मिळाली. तिच्यात तारखा आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. मग उटणं, मग भाचीच्या मुलासाठी वह्या, ज्यांच्या मागे पाढे आणि पुढे आमदार. जूनमध्ये छत्री. आठ पाकळ्यांवर आठ वेळा तेच हसू. पावसात गच्चीवरून खाली बघितलं तर आमच्या गल्लीतून शेकडो आमदार आभाळाकडे बघत चाललेले दिसतात. निवृत्त इंजिनीअरांचा या प्रकाराला सैद्धांतिक विरोध आहे. "लोकांना लाचार करून टाकलंय," ते मला भर पावसात म्हणाले. "आणि ही छत्री जरा धरा हो, दांडा फारच हलका दिलाय या खेपेला."

लोक समजतात की या छत्र्या आमदार निधीतून येतात. तसं नाही. तो निधी 2022 पासून वर्षाला 5 कोटी झाला आहे, पण त्यातला रुपयासुद्धा आमदाराच्या हातात पडत नाही. आमदारानं काम सुचवायचं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायची, काम सरकारी यंत्रणेनं करून घ्यायचं. आमदाराच्या वाट्याला फक्त पाटी येते. म्हणून पाटी मोठी असते. आमच्या बागेत एक पेव्हर ब्लॉकचा रस्ता आहे. रस्ता संपतो तरी पाटी चालूच राहते.

एकदा मी जरा धीर करून पीएला विचारलं, "साहेबांनी या अधिवेशनात काय प्रश्न विचारले?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "काका, तुम्ही पेपरातून आलात का?"

"नाही."

"मग तिकडच्यांनी पाठवलंय?"

"नाही हो. मी मतदार आहे."

"मतदार असं विचारत नाहीत," तो दुखावून म्हणाला.

आणि हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. त्या पंख्याखाली बसलेल्यांपैकी कुणालाही तारांकित प्रश्न नको होता. कुणाला लाइनमनचा नंबर हवा होता, कुणाला रेशन कार्डावर सुनेचं नाव. 2024 च्या जुलैत तर जिन्यापर्यंत रांग होती. लाडकी बहीण योजनेचे अर्ज, महिन्याला 1500 रुपये. आईही माझ्यामागे लागून तिथे आली. टेबलावरच्या मुलीनं आधार कार्ड बघून नम्रपणे सांगितलं, "आजी, 65 वर्षांपर्यंतच आहे."

"का? पुढे नातं सुटतं?" आईनं विचारलं. मुलीकडे याचंही फॉरमॅट नव्हतं.

दुसऱ्या टेबलाबद्दल मात्र मला नीट सांगितलं पाहिजे. तिथे एक विशीतला मुलगा बसतो, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या असतात. त्यातली खाट कुठे मोकळी आहे, हे तो दिवसभर विचारत असतो. एका बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या अंदाजपत्रकाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. घड्या इतक्या पडल्या होत्या की आकडा घडीवरच फाटला होता. त्यानं कागद उलगडला, चिकटपट्टी लावून आकडा जोडला आणि मगच वाचला. मग तीन ठिकाणी फोन लावले, तिसऱ्या ठिकाणी आवाज चढवला आणि त्यांच्या पिशवीवर पेनानं एक नंबर लिहिला. "इथे जा. 'नाही' म्हणाले तर तिथूनच मला फोन करा." बाई गेल्या. या मुलाचा फोटो मी अजून कुठल्याही फ्लेक्सवर पाहिलेला नाही.

आमदार प्रत्यक्ष भेटायचे असतील तर शिबिराला जायचं, असं मला जाणकारांनी सांगितलं. म्हणून मी मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिराला गेलो. व्यासपीठावर जायचं तर रांगेत उभं राहणं भाग, रांगेत उभं राहायचं तर डोळे तपासून घेणं भाग. मी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली. तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. तपासणारी मुलगी चिंतेत पडली. "काका, तुमचे डोळे चांगले आहेत हो."

मागून एक कार्यकर्ता आला. "असू दे, घ्या चष्मा. आणलेत ते संपवायचेत."

माझा नंबर आला. आमदारांनी स्वतःच्या हातांनी माझ्या नाकावर चष्मा चढवला. एक काडी कानामागे, दुसरी कानात. मी बोलायला तोंड उघडलं.

"साहेब, आमच्या गेटापुढचं झाकण..."

"काका, कॅमेऱ्याकडे!" फोटोग्राफर ओरडला.

"आता स्पष्ट दिसतंय ना?" आमदारांनी माइकवर विचारलं.

मला चार आमदार दिसत होते. "झाकण," मी म्हणालो.

"छान!" आमदार म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. उतरताना व्यासपीठाच्या पायऱ्या मला दुप्पट दिसल्या. त्यातल्या ज्या नव्हत्या त्यांवरून मी उतरलो.

मधल्या काळात गेटापुढे वेगळंच घडत होतं. ती खोचलेली फांदी शेवग्याची होती. शेवगा फांदीवरून लागतो हे आपल्या आज्यांना माहीत असतं, पालिकेला नसतं. पहिल्या पावसात फांदीला पालवी फुटली. खालून पोषण कशाचं होतं ते सांगायला नको. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चांगलं माझ्या उंचीचं झाड झालं, लाल फडकं त्याच्या कमरेला. मग 5 जूनला पर्यावरण दिनाच्या सकाळी दोन गाड्या आल्या. वृक्षारोपणाला खड्डा खणायला माणूस आला नव्हता, आणि इथे खड्डा तयार, त्यात झाडही तयार. आमदारांनी झारीनं पाणी घातलं. पाणी सरळ ड्रेनेजमध्ये गेलेलं ऐकू आलं. मी पुढे झालो. "साहेब, हे झाड नाही, हे चेंबर आहे."

"प्रत्येकानं आपल्या दारात असं एक तरी लावलं पाहिजे," आमदार मला म्हणाले.

वर्षभरानं झाडाला शेंगा लागल्या. इथून पुढे सोसायटीत फूट पडली. झाकण हवंच असं म्हणणारा पक्ष दिवसेंदिवस दुबळा होत गेला, कारण बाजारात शेवग्याची जुडी महाग होती. "गटारावरच्या शेंगा खायच्या?" असं निवृत्त इंजिनीअर सभेत गरजले. त्याच संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून आमटीचा वास आला. वास ओळखण्यात आमच्या जिन्यात चूक होत नाही.

अशात कार्यअहवाल आला. जाड गुळगुळीत कागद, पानोपानी रंग. लग्नाची पत्रिका समजून आईनं त्याला आधी हळदीकुंकू लावलं. 'आरोग्य' या पानावर अर्धं पान भरून मी. कानात काडी, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. खाली ओळ होती : 'प्रथमच स्पष्ट दिसल्याने भावनाविवश झालेले एक लाभार्थी.' 'पर्यावरण' या पानावर शेवगा, आणि झाडामागे अर्धवट मी. 'जनतेशी संवाद' या पानावर रांगेत मी. सगळ्या मतदारसंघात विकास एका माझ्यावरच होतोय, अशी वाचणाऱ्याची समजूत व्हावी. विधिमंडळातली कामगिरी शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या टायपात होती. ती वाचायला मला तो चष्मा पहिल्यांदा उपयोगी पडला. पाणीपुरवठ्यावर लक्षवेधी होती, शाळांच्या इमारतींवर प्रश्न होते. चांगले नेमके प्रश्न होते. मी ते सोसायटीच्या सभेत वाचून दाखवायला लागलो तेव्हा मागून विचारणा झाली, "ते राहू द्या, या वर्षी देवदर्शनाची बस कधी आहे ते लिहिलंय का?"

2024 च्या ऑक्टोबरात आचारसंहिता लागली आणि शहरातल्या सगळ्या पाट्यांना कागद चिकटवले गेले. बाकांवर कागद, कमानीवर कागद, आमच्या शेवग्याच्या पाटीलाही कागद. नोव्हेंबरात निकाल लागला, साहेब पुन्हा निवडून आले, कागद ओढून काढले गेले. कागदाबरोबर अक्षरंही आली, म्हणून बाकांवरची नावं घाईघाईनं नव्यानं रंगवली. नेमका त्या संध्याकाळी पांढरा सदरा घालून मी बागेतल्या बाकावर टेकलो आणि तिथून मंडईत गेलो.

मंडईत सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. कोथिंबीरवालीनं न मागता मिरच्या टाकल्या. विरोधी पक्षाचे एक जुने कार्यकर्ते वाट अडवून म्हणाले, "काका, असतं प्रत्येकाचं मत. पण इतकं उघड?" घरी आल्यावर बायकोनं सदरा उतरवून आरशापुढे धरला. आरशात स्वच्छ वाचता येत होतं : 'मा. आमदार यांच्या स्थानिक विकास निधीतून.'

त्यानंतर साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या दोन ओळी. दुसऱ्या ओळीत, गॉगल घातलेल्या दोन तरुणांच्या मधे, तोच कानात काडी असलेला मी. नावापुढे 'ज्येष्ठ मार्गदर्शक'. मी रागारागानं कार्यालयात निघालो. वाटेत थांबून फ्लेक्सचा एक फोटो काढला, पुरावा म्हणून. तो फोटो बायकोनं नाशिकला पाठवला, आणि भावाचा त्या वर्षीचा तिसरा फोन आला. "अरे, पोराच्या बदलीचं जरा बघतोस का?"

झाकणाचं पुढे असं झालं. महापालिकेच्या निवडणुका येणार येणार म्हणून भावी नगरसेवक उगवले. त्यांच्यातल्या एकानं स्वखर्चानं झाकण आणलं. दुसऱ्यानं 'शेवगा बचाव'चा फलक लावला. तिसऱ्यानं दोघांचा निषेध केला. पालिकेचा माणूस अखेर आला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "झाकण बसवायचं तर झाड काढावं लागेल. झाड काढायचं तर 1975 चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल. अर्ज करा."

"कोणाकडे?"

"तसा आमच्याकडेच. पण आमदारांचं पत्र जोडलंत तर बरं पडेल." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही फ्लेक्सवरचे ना? मग तुम्हाला काय अवघड आहे! आमच्या मेव्हण्याचं एक काम होतं..."

मेव्हणा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. तो आला म्हणून त्याचा शेजारी आला. मला खरं तर स्पष्ट सांगायचं होतं, की माझी आणि आमदारांची ओळख एका चष्म्यापुरती आहे. पण लोक इतक्या विश्वासानं पिशवीतून कागद काढतात. आणि मला आता तिथली टेबलं ठाऊक आहेत. दवाखान्याचं असेल तर त्या मुलाकडे दुपारी तीननंतर जायचं. रहिवासी दाखल्याला लाइट बिल न्यायचं, भाडेकरार नाही. शाळा प्रवेशाला साहेबांची सही लागते, पीएची चालत नाही. एवढं सांगितलं तरी माणसं नमस्कार करून जातात. निवृत्त इंजिनीअरही परवा येऊन गेले. जावयाचं काहीतरी होतं, तत्त्वाला सोडून नव्हतं. आईनं हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत.

आज सकाळी मी दाढी करत होतो. बायको न्हाणीघराच्या दारात येऊन हळूच म्हणाली,

"बाहेर चौघं बसलेत. चहा टाकू, की साहेब नागपूरला गेलेत म्हणून सांगू?"